कुरिंजी, कारवी आणि खिशातली ऑर्डर



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सध्या जिथे आहे त्या जागेचं नाव लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, की इथे सकाळी तोंड धुवायला बादलीतला बर्फ फोडावा लागतो. हा लेख ड्यूटी संपल्यावर थोडा थोडा वहीत लिहिलाय. सुट्टीवर घरी गेलो की टाइप करून टाकेन, म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा मी घरी चहा पीत असेन.

गोष्ट मागच्या पोस्टिंगची आहे. निलगिरीतलं वेलिंग्टन. ज्यांनी तिथे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. थंड हवा, चहाचे मळे, फॅमिली क्वार्टर, मुलांना शाळा. पीस पोस्टिंगात त्याहून जास्त काय मागायचं? एप्रिल २०१६ मध्ये तिथे आलो आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं घर सलग अडीच वर्षं एका छताखाली होतं. साताऱ्याहून आईसुद्धा येऊन राहिली होती.

सप्टेंबर २०१८. त्या वर्षी सगळीकडे एकच चर्चा, नीलकुरिंजी फुललीय. हे झुडूप बारा वर्षांतून एकदाच फुलतं. आधीचा बहर २००६ चा, पुढचा २०३० मध्ये. निलगिरीतही काही डोंगरांवर फुललं होतं, पण सगळे म्हणत होते की बघायचं तर केरळात मुन्नारजवळ, एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात. माझी लेक २००६ सालच्या सप्टेंबरातली. "पप्पा, माझ्या वर्षीचं फूल आहे, बघायला जायचं," असं तिने दोन-तीनदा तिच्या आईला सांगितलं. हो, आईलाच. मला काही हवं असलं की ती आईमार्फत सांगायची. मी घरात असूनही तिचा अर्ज थ्रू प्रॉपर चॅनलच यायचा.

आमच्या ऑफिसात एक तमिळ हवालदार होते, वाचनाचा नाद असलेले. त्यांना कुरिंजीबद्दल विचारलं तर त्यांनी अर्धा तास समजावलं. जुन्या तमिळ संगम काव्यात जमिनीचे पाच प्रकार मानलेत, आणि प्रत्येक जमिनीला एक भावना नेमून दिलीय. कुरिंजी म्हणजे डोंगर, तिथे प्रेमिकांची भेट. मुल्लै म्हणजे रान, तिथे वाट पाहणं, त्यातही लढाईवर गेलेल्या नवऱ्याची. पालै म्हणजे रखरखीत प्रदेश, तिथे ताटातूट. एवढं सांगून ते हसले आणि म्हणाले, "साब, हम फौजी लोगों का तो मुल्लै और पालै ही है. कुरिंजी तो बस लीव्ह में."

तेव्हा मीही हसलो.

बेत ठरला. २९ आणि ३० सप्टेंबरला शनिवार-रविवार, सोमवारची एक कॅज्युअल लीव्ह, मंगळवारी गांधी जयंती. चार दिवस. लीव्ह मंजूर झाली आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, माझी पोस्टिंग ऑर्डर आली. फील्ड. नोव्हेंबरात रिपोर्ट करायचं. कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. ठरवलं, आता सांगायचं नाही. चार दिवस आनंदात जाऊ देत, मग बघू.

शनिवारसाठी मी सवयीप्रमाणे मूव्हमेंट ऑर्डर काढली. पहाटे साडेचारला सामान गाडीत, पाचला स्टार्ट, दर दोन तासांनी दहा मिनिटांचा हॉल्ट. सौ. म्हणाली, "अहो, आम्ही तुमचे जवान नाही." निघायला पावणेसात वाजले. आईने आदल्या रात्रीच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून ठेवलं होतं. त्या डब्याने मागच्या सीटची निम्मी जागा खाल्ली. गाडी आमची जुनी व्हॅगनआर.

कुन्नूरचा घाट उतरून मेट्टुपाळयम, मग कोइम्बतूर, पोल्लाची, उदुमलपेट. एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पण कुन्नूरच्या घाटातच लेकीला उलट्या सुरू झाल्या. पहिल्या वेळी मी म्हणालो, "थोडं सहन कर, सपाटीला लागलो की थांबू." सौ.ने मागून नुसतं पाहिलं. आरशात दिसलं मला ते. गाडी बाजूला घेतली. लेकीला तोंड धुवायला लावून पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणालो, "आता तू को-ड्रायव्हर. को-ड्रायव्हरला झोपायची परवानगी नसते. नजर समोर रस्त्यावर, आणि पुढे काय आहे ते मला सांगायचं." फौजेत गाडीबरोबर को-ड्रायव्हर असतोच. मला एवढंच माहीत होतं, की रस्त्यावर नजर ठेवणाऱ्याला गाडी कमी लागते.

ती बोलायला लागली. आधी रिपोर्टसारखं. "पुढे डावं वळण." "ट्रक येतोय." मग पोल्लाचीच्या पुढे नारळाच्या बागा लागल्यावर, "पप्पा, तुम्हाला गाडी कुणी शिकवली?" मग, "काश्मीरमध्ये तुम्ही गाडी चालवायचात का?" मी उत्तरं देत होतो आणि मनात मोजत होतो. पोरगी बारा वर्षांची झाली आणि एकटीने माझ्याशी एवढा वेळ बोलण्याची ही पहिलीच खेप असावी.

उदुमलपेट सोडलं की अमरावतीनगरचा फाटा लागतो. तिथलं सैनिक स्कूल १९६२ चं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल आपल्या साताऱ्याचं, १९६१ चं. हे सांगताना माझी छाती थोडी फुगली असावी, कारण मागून आई म्हणाली, "तुला तरी कुठं घेतलं व्हतं तिथं?" सगळे हसले. खरं होतं ते.

पुढे तमिळनाडूची हद्द संपते आणि चिन्नार अभयारण्यातून केरळात शिरतो. इथे मी थोडा गोंधळलो. डोक्यात केरळ म्हणजे हिरवंगार, आणि समोर काटेरी झुडपं, उघडे खडक, कोरडी माती. पण कारण सोपं आहे. नैऋत्येचा पाऊस पलीकडच्या उंच डोंगरांवर रिकामा होतो आणि चिन्नार त्यांच्या सावलीत कोरडं राहतं. आईला म्हटलं, "महाबळेश्वरात धो धो आणि आपल्याच जिल्ह्यात माण-खटाव कोरडं, तसंच हे." तिला लगेच पटलं. महिन्याभरापूर्वीच, ऑगस्टमध्ये, याच केरळात महापूर आला होता आणि लष्कर 'ऑपरेशन सहयोग' करत होतं. या कोरड्या पट्ट्यात ते खरं वाटत नव्हतं.

मुक्काम मरयूरला केला. मुन्नारला न राहण्याचं कारण म्हणजे त्या पुरात मुन्नार आणि उद्यान यांच्यामधला पेरियवराईचा पूल कोसळला होता. मरयूरकडून गेलं की तो ओलांडावाच लागत नाही. शिवाय रविवारच्या गर्दीत जायचं नाही, सोमवारी सकाळी जायचं, हेही ठरवलं होतं. रविवारी मरयूरमध्येच फिरलो. चंदनाची राखीव झाडं जाळीच्या कुंपणाआड, खडकावर प्राचीन दगडी शवगृहं, आणि उसाच्या फडांत चालू असलेली गुऱ्हाळं. गुऱ्हाळावर आई अर्धा तास उभी होती. तमिळ येत नाही, मल्याळम येत नाही, तरी तिथल्या बाईशी गुळाच्या पाकाबद्दल बोलत होती. दोघींनाही सगळं समजत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खिशातल्या कागदामुळे असेल. पडल्या पडल्या हिशोब केला. लेकीची बारा वर्षं. तिचा जन्म झाला तेव्हा मी ईशान्येत होतो, चार दिवसांनी फोनवर कळलं. मधलं एक पोस्टिंग आणि हे वेलिंग्टन धरून चार वर्षं एकत्र. बाकी आठ वर्षं फक्त सुट्टी. वर्षाला दोन महिने ॲन्युअल आणि एक महिना कॅज्युअल, तीही पूर्ण मिळाली तर. म्हणजे बारातली सहा वर्षं, तीही कागदावर. आणि सुट्टीतले दिवस कसे, तर सणाचे. मी आलो की घरात गोडधोड, पाहुणे, नवे कपडे, जत्रा. तिने मला बघितलं ते असंच, आणि मीही तिला.

सोमवारी सकाळी निघालो. मरयूर सोडलं की तासाभरात सगळं बदलतं. चंदन मागे पडतं, वळणावळणांनी रस्ता चढतो, लक्कमचा धबधबा जातो, मग चहाचे मळे आणि धुकं. उद्यानाच्या फाटकापाशी गाडी लावायची आणि वनखात्याच्या बसने राजमलापर्यंत जायचं. तिथून पुढे चालत. प्लास्टिक न्यायचं नाही. आईच्या डब्याची तपासणी झाली, चटणी पास झाली.

बसमधून उतरलो आणि धुकं सरकलं. समोर उतारावर फुलं.

फोटोत दिसतं तसा एकसलग निळा गालिचा नव्हता. त्या वर्षी पावसाने बहर उशिरा आणि तुटक तुटक आला होता. एक पट्टा निळा-जांभळा, मधे गवत, पुन्हा एक पट्टा. जवळून पाहिलं तर कमरेपेक्षाही बुटकी झुडपं आणि घंटेसारखी छोटी फुलं. लोक फोटो काढत होते. आई मात्र रस्त्याच्या कडेला वाकून पानं निरखत होती. मग एकदम म्हणाली, "आरं, ही तर कारवी की! आपल्या डोंगरातली."

आमचं गाव जावळी खोऱ्याच्या अंगाला. आईच्या माहेरच्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. मी नंतर माहिती काढली, तर आई अगदी बरोबर होती. कुरिंजी आणि कारवी एकाच कुळातल्या, सख्ख्या चुलत बहिणी. आपली कारवी सात वर्षांनी फुलते, ही बारा वर्षांनी. दोन्ही एकदाच फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. डोंगरही एकच. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे सोळाशे किलोमीटरची ही एकच रांग. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत एरविकुलम आहे आणि आपलं कास, कोयना, चांदोली, राधानगरीही आहे. या भागातले पळियन लोक आपलं वय कुरिंजीच्या बहरांवर मोजायचे असं सांगतात. आईला ते सांगितलं तर म्हणाली, "आमी बी तसंच. मी लगीन होऊन आले तवा कारवी फुलली व्हती. मध आला व्हता त्या साली लई."

मग ती कठड्यावर बसली आणि सहज बोलून गेली. "तुझा बाप गिरणीत. गणपतीला यायचा आन् जत्रंला. आला की घर नुसतं फुलायचं. पर घर चालायचं ते मधल्या दिसांत बाबा."

मी काहीच बोललो नाही.

थोडं पुढे गेल्यावर निलगिरी ताहर दिसले. तमिळमध्ये वरैयाडू, म्हणजे कड्यावरची शेळी. सात-आठ माद्या आणि त्यांची पिल्लं, रस्त्यापासून दहा पावलांवर, कुणाला न घाबरता चरत होत्या. एके काळी हे चहावाल्या इंग्रजांचं शिकारीचं रान होतं. १९७५ मध्ये अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र अवघं ९७ चौरस किलोमीटर, पण जगातला ताहरचा सगळ्यात मोठा कळप-समूह इथेच आहे. पिल्लं होण्याच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान पर्यटकांना बंद ठेवतात. मागे ढगात आनमुडी होतं, २६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेकडचं भारतातलं सर्वांत उंच शिखर. तिथे एक वनरक्षक उभा होता. वेलिंग्टनमध्ये शिकलेल्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये मी विचारलं, "बाकी वर्षी इथे काय असतं?" तो म्हणाला, हेच सगळं असतं, फक्त फूल नसतं. झुडूप असतं, गवत असतं, ताहर असतात. आम्ही रोज चालतो.

सौ. आणि आई मागे होत्या. लेक माझ्या शेजारी उभी राहून पिल्लांकडे बघत होती. तिकडेच बघत ती म्हणाली, "पप्पा, फील्डला कधी जायचंय?"

माझा हात आपोआप खिशावर गेला. "कुणी सांगितलं?"

"शाळेच्या बसमध्ये. शुक्रवारी. सगळ्यांना माहितीय."

कॅन्टोन्मेंटमध्ये बातमी कशी पळते ते मी विसरलो होतो. "मग आईला सांगितलं नाहीस?"

"तिला ट्रिपला मजा यावी म्हणून."

म्हणजे तीन दिवस आम्ही दोघं पुढच्या सीटवर शेजारी बसून एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. कारणही एकच. कुणावर गेलीय ते बघा. मला अभिमान वाटायला हवा होता, पण पोटात कालवलं. बारा वर्षांच्या पोरीला हे कसब यायला नको.

"नोव्हेंबरात," मी म्हणालो. "तुला राग आला?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "जाण्याचा नाही. पण फोनवर तुम्ही फक्त मार्क विचारता. आणि आजी बरी आहे का, आई बरी आहे का. मग मला काय सांगायचं तेच कळत नाही. तुम्ही सुट्टीवर आलात की पण असंच. मला आधी दोन दिवस तुम्ही पाहुणे वाटता, आणि सवय झाली की जाता."

ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. पुढे डावं वळण आहे, अशा सुरात बोलत होती. मला उत्तर सुचलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत अनेक साहेबांसमोर उभा राहिलोय, पण इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. एवढंच म्हणालो, "मग तूच सांग, काय विचारू?"

"काहीपण. डब्यात काय होतं ते विचारा."

रात्री मरयूरच्या लॉजवर सौ.ला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती चिडली. म्हणाली, "तुम्ही दर वेळी हेच करता. चार दिवस आनंदात जावेत म्हणून लपवता. मग नंतर ते चार दिवस आठवले की मला फसवल्यासारखं वाटतं. तिथं फुलांत फोटो काढताना मी हसत होते आणि तुम्हाला माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं." मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, चुकलं तर आहेच. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर तीच म्हणाली की मार्चमध्ये परीक्षा होईपर्यंत क्वार्टर ठेवता येईल का ते बघा, मधेच शाळा बदलायला नको. फौजीची बायको चिडलेली असतानाही कामाचंच बोलते. तो फोटो अजून तिने फ्रेम करून लावलेला नाही. मीही आग्रह केलेला नाही.

मंगळवारी परतलो. येताना लेक पुढेच बसली होती, आणि कुन्नूरच्या घाटात एकदाही उलटी झाली नाही.

नोव्हेंबरात मी इथे आलो. इथून आठवड्यातून दोनदा फोन लागतो, तोही हवा बरी असली तर. मार्क विचारायचे नाहीत असा नियम आहे. ती सांगते, डब्यात भेंडी होती आणि तिने मैत्रिणीच्या इडलीशी बदली केली. मी सांगतो, आज बर्फात आमच्या कुकने भाकरी थापली, आणि ती केवढी जाड झाली ते. परवा तिने सांगितलं की आजीने आंबोळीचं पीठ जास्त आंबवलं आणि घरात दोन दिवस कुणी आजीशी बोललं नाही. अशा गोष्टी मला आधी कुणीच सांगायचं नाही, कारण मी विचारायचोच नाही. सुट्टीच्या दोन महिन्यांत सगळं भरून काढू असं वाटायचं.

जे अजून सर्व्हिसमध्ये आहेत आणि फॅमिली स्टेशनवर आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सहल जरूर काढा, पण ऑर्डर आली तर आधी घरी सांगा आणि मग सहलीला जा. ज्यांना एरविकुलमला जायचंय त्यांनी फेब्रुवारी-मार्च टाळा, शनिवार-रविवारही टाळा. २०३० ची वाट बघू नका. फूल नसलं तरी बाकी सगळं तिथेच असतं, हे त्या वनरक्षकाने मला सांगितलंच आहे.

तरी २०३० ला आम्ही जाणार आहोत. तोवर मी पेन्शनीत असेन आणि लेक चोवीस वर्षांची. तेव्हा गाडी ती चालवणार, मी को-ड्रायव्हर. हे फोनवरच ठरलंय.

आज बुधवार. हवा बरी आहे, संध्याकाळी फोन लागेल असं वाटतं. डब्यात काय होतं ते विचारायचंय.

जय हिंद.